विश्लेषण : शाळेतली निळी गोळी कशासाठी? किशोरवयातील रक्तक्षयाकडे दुर्लक्ष का होते?

प्रार्थनेच्या वेळी एखादी मुलगी चक्कर येऊन खाली बसते. तिला पाणी दिले जाते आणि ‘सकाळी काही खाल्ले नसेल’ असे म्हणून विषय संपतो. जिना चढताना धाप लागणे, तिसऱ्या तासाला डोळे मिटणे, वाचलेले लक्षात न राहणे या तक्रारी ‘आळस’ किंवा ‘मोबाइल’च्या खात्यावर जमा होतात. यातल्या अनेकांच्या मागे रक्तातील हिमोग्लोबिनची कमतरता असू शकते. ती शोधणे सोपे आहे, टाळण्याची गोळी सरकारी शाळा आणि अंगणवाडीत मोफत मिळते, तरीही देशातील निम्म्याहून अधिक किशोरवयीन मुली रक्तक्षयग्रस्त असल्याचे राष्ट्रीय पाहणी सांगते. असे का?

प्रमाण नेमके किती?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुली रक्तक्षयग्रस्त होत्या. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण ५४.१ टक्के होते. याच वयाच्या मुलांमध्ये ते २९.२ वरून ३१.१ टक्क्यांवर गेले. २०१६ ते २०१८ दरम्यान झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण पाहणीत मात्र १० ते १९ वयोगटातील ४० टक्के मुली आणि १८ टक्के मुलगे रक्तक्षयग्रस्त आढळले. आकड्यांतील फरकाची कारणे दोन. वयोगट वेगळे होते आणि पद्धतही वेगळी होती. पहिल्या पाहणीत बोटाला टोचून थेंबभर रक्त घेतात, दुसरीत शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत तपासले गेले. कोणताही आकडा धरला तरी वर्गातील दर पाच मुलींपैकी किमान दोघींचा हा प्रश्न आहे.

रक्तक्षय कधी म्हणायचा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार १२ ते १४ वर्षांच्या मुलामुलींचे हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय. पंधरा वर्षांनंतर मुलींसाठी मर्यादा १२, तर मुलग्यांसाठी १३. पंधरा वर्षांवरील मुलीचे हिमोग्लोबिन ११ ते ११.९ असल्यास सौम्य, ८ ते १०.९ असल्यास मध्यम आणि ८ च्या खाली गेल्यास तीव्र रक्तक्षय मानतात. हिमोग्लोबिन ९ असलेली मुलगी रोज शाळेत जाते, घरकामही करते. शरीर हळूहळू त्या अवस्थेला सरावते. म्हणूनच ‘ती तर ठणठणीत आहे’ हा अंदाज फसवा ठरतो. नखे, जीभ किंवा पापणीची आतली बाजू फिकट दिसणे ही खूण आहे, पण खात्री रक्ततपासणीनेच होते.

याच वयात धोका जास्त का?

दहा ते एकोणीस या वर्षांत उंची, वजन, स्नायू आणि रक्ताचे एकूण प्रमाण झपाट्याने वाढते. त्या प्रत्येकासाठी लोह लागते. मुलींमध्ये दर महिन्याच्या पाळीत लोह बाहेरही जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दररोज ३० मिलिग्रॅम, तर मुलाला २२ मिलिग्रॅम लोह लागते. १६ ते १८ वयात हे प्रमाण अनुक्रमे ३२ आणि २६ मिलिग्रॅम होते. चहा-बिस्किटांवर सकाळ, वेफर्सवर मधली सुट्टी आणि सगळ्यांचे झाल्यावर उरलेले जेवण अशा दिवसात ही गरज भागत नाही. त्यात पोटातील जंतांची भर पडते. अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त शोषतात.

निळी गोळी नेमकी काय आहे?

‘ॲनिमिया मुक्त भारत’ मोहीम २०१८ मध्ये सुरू झाली. तिच्यात १० ते १९ वयोगटासाठी निळ्या रंगाची गोळी आहे. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. ती आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, जेवणानंतर आणि शिक्षकांसमोर घ्यायची असते. शाळेत न जाणाऱ्या मुलींना ती अंगणवाडीतून मिळते. याशिवाय राष्ट्रीय जंतनाशक दिनी, म्हणजे १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट रोजी, अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते.

ही गोळी प्रतिबंधासाठी आहे, हे लक्षात घेणे महत्त्वाचे. तपासणीत रक्तक्षय निघाला तर आठवड्याची एक गोळी पुरत नाही. तेव्हा डॉक्टर साधारण तीन महिने रोज गोळ्या देतात आणि पुन्हा रक्त तपासतात.

मग मुली गोळी का टाकून देतात?

उपाशीपोटी घेतल्यास मळमळते, पोटात दुखते. एका मुलीला उलटी झाली की अर्धा वर्ग गोळी खिशात टाकतो. शौचाचा रंग काळपट होतो, त्याने घरचे घाबरतात. शोषले न गेलेले लोह बाहेर पडते, म्हणून तो रंग येतो. तो निरुपद्रवी असतो. ‘गोळीने वजन वाढते’, ‘पुढे मूल होत नाही’ अशा अफवांनाही आधार नाही. भरल्या पोटी, पाण्याबरोबर गोळी घेतली तर त्रास बराच कमी होतो. ताप किंवा आजारपण असेल तर शिक्षकांना सांगून त्या दिवशीची गोळी टाळावी. घरी आणलेल्या गोळ्या मात्र लहान भावंडांच्या हाती लागता कामा नयेत. एकदम अनेक गोळ्या पोटात गेल्यास लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते.

गूळ आणि बीट खाऊन रक्त वाढते का?

गुळात लोह असते, पण एका खड्यातून मिळणारे प्रमाण अगदी थोडे असते. बिटाचा लाल रंग त्याच्या रंगद्रव्याचा असतो, लोहाचा नव्हे. पालकात लोह असले तरी त्यातील ऑक्झलेटमुळे शोषण कमी होते. हे पदार्थ वाईट नाहीत, पण केवळ त्यांच्या भरवशावर राहणे चूक.

उपयोगी पदार्थ घरातच असतात. बाजरीची भाकरी, मटकी-मुगाची उसळ, हरभरा, हळीव, तीळ, राजगिरा हे सारे कामाचे. वनस्पतीतील लोह शरीर कमी शोषते, मटण, कलेजी आणि मासळीतील लोह तुलनेने सहज शोषले जाते. शाकाहारी घरात लिंबू, आवळा, पेरू यांची जोड द्यावी. त्यातील क जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण वाढते. कडधान्याला मोड आणल्यानेही फायदा होतो. उलट जेवणाला लागूनच चहा घेतल्यास लोह अडते. जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचे अंतर असावे. लोखंडी तवा आणि कढईचीही थोडी मदत होते.

भाकरीचा उपयोग संशोधनातही दिसला आहे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील १२ ते १६ वर्षांच्या २४६ विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला लोहसमृद्ध बाजरीची, तर दुसऱ्या गटाला नेहमीच्या बाजरीची भाकरी देण्यात आली. चार महिन्यांत पहिल्या गटातील मुलांच्या शरीरातील लोहाचा साठा अधिक वाढला. सुरुवातीला लोहाची कमतरता असलेल्या मुलांपैकी या गटातील मुले ती भरून काढण्याची शक्यता सहा महिन्यांअखेर १.६४ पट होती.

प्रत्येक रक्तक्षय लोहाअभावीच असतो का?

नाही. राष्ट्रीय पोषण पाहणीत किशोरवयीनांपैकी २२ टक्के जणांमध्ये लोहाची, ३१ टक्के जणांमध्ये बी-१२ जीवनसत्त्वाची, तर ३७ टक्के जणांमध्ये फोलेटची कमतरता आढळली. दूध, दही, अंडी, मांस, मासे यांतून बी-१२ मिळते. हे पदार्थ ताटात क्वचितच येत असतील तर लोहाच्या गोळ्यांनीही हिमोग्लोबिन पुरेसे वाढत नाही. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांत सिकलसेलची शक्यता तपासणे आवश्यक असते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ही तपासणी केली जाते. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असलेल्यांनी लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

दुर्लक्ष केले तर काय बिघडते?

लोहाची कमतरता मेंदूवरही परिणाम करते. एकाग्रता आणि स्मरणशक्ती मंदावते, खेळात दम टिकत नाही, दहावी-बारावीच्या वर्षांत अभ्यास पेलत नाही. रक्तक्षय घेऊनच मुलगी पुढे गरोदर राहिली तर बाळ कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे होण्याचा, प्रसूतीत रक्तस्राव जिवावर बेतण्याचा धोका वाढतो. गरोदरपणाच्या नऊ महिन्यांत ही तूट भरून काढणे अवघड असते. मुलग्यांमध्येही तिघांत जवळपास एक जण रक्तक्षयग्रस्त आहे, पण त्यांची तपासणी क्वचितच होते.

पालकांनी आता काय करावे?

वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासावे. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालयात ही सोय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांमध्येही येतात. तपासणीचा आकडा विचारून वहीत लिहून ठेवावा. पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालत असेल किंवा दर तासा-दोन तासाला पॅड बदलावे लागत असेल, तर ‘या वयात होतेच’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे. या आठवड्यात गोळी घेतली का, हे घरी सहज विचारावे. उपचार सुरू झाल्यास बरे वाटू लागताच ते थांबवू नयेत. लाल रक्तपेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते आणि रिकामा झालेला लोहाचा साठा भरायलाही काही महिने लागतात. परीक्षा मार्चमध्ये असेल, तर तयारी दिवाळीपूर्वीच करायला हवी.