साखरेच्या सोबतीने मीठ

लोणच्यासाठी चिरलेल्या कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले, की काही वेळाने त्यांना पाणी सुटते. ते फोडींतील पेशींमधून बाहेर आलेले असते. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध द्रव्याचे दुपदरी पटल असून त्याची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी असते. पाण्याला या पटलातून वाट मिळते, मिठाला सहजासहजी मिळत नाही; म्हणून जिकडे क्षार अधिक तिकडे पाणी धाव घेते. यालाच परासरण म्हणतात.

साखर किंवा मीठ आत जावयाचे असेल, तर पटलात प्रथिनांची दारे बसविलेली असतात. प्रत्येक दाराचा रिवाज वेगळा. लहान आतड्यातील एका दाराचा रिवाज तर मोठा चमत्कारिक आहे. तेथून ग्लुकोजचा एक रेणू आत यावयाचा, तर सोडियमचे दोन आयन त्याच्या सोबतीस लागतात. पेशी आपल्या दुसऱ्या बाजूने सोडियम अखंड उपसून रक्ताकडे टाकीत असते. त्यामुळे आत त्याचा तुटवडा राहतो आणि आतड्यातील सोडियम आत शिरू पाहतो. त्याच्या या ओढीवरच साखरेचा प्रवास चालतो. रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना 1960 साली प्राग येथे मांडली.

तिचे मोल कळले ते पटकीच्या रोग्यांमुळे. पटकीचे जंतू आतड्यात एक विष सोडतात, हे शंभुनाथ डे यांनी कलकत्त्यात 1959 साली दाखवून दिले होते. त्या विषाने क्लोराइडची दारे उघडी राहतात आणि क्षारांमागोमाग पाणी आतड्यात लोटते. रोग्याच्या शरीरातून ताशी एक लिटरपर्यंत द्रव जाऊ शकतो. अशा वेळी नुसते मीठपाणी पाजून भागत नाही, ते पुरेसे शोषलेच जात नाही. मात्र साखर आणि सोडियम यांचे जोडदार या विषाच्या तडाख्यातून सुटलेले असते! मीठपाण्यात ग्लुकोज घातले, की सोडियम आत जातो आणि पाणी त्याच्या मागून जाते.

ढाक्यात 1968 साली रोग्यांवर याचा पडताळा आला. खरी कसोटी लागली ती 1971 मध्ये, पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत. शिरेतून द्यावयाच्या सलाइनचा साठा संपत आला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यास 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण करविले. पिंपांतून ते पेल्यांत भरून घ्यावे आणि रोग्याच्या नातलगांनीच पाजावे, अशी व्यवस्था झाली. पूर्वी शंभरातील तीसच्या आसपास रोगी दगावत. हे प्रमाण चारच्याही खाली आले.

घरी करावयाचे, तर उकळून निवविलेल्या लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ पुरते. अधिक गोड केल्यास अधिक गुण येतो, हा समज घातक आहे. साखर फाजील झाली, की कैरीच्या फोडींचे होते तेच आतड्याचे होते. पाणी उलट बाहेर ओढले जाते आणि जुलाब वाढतात. रोग्यास उलटी झाली, तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने पाजावे. तो ग्लानीत असेल, पिऊच शकत नसेल, तर मात्र रुग्णालयात नेऊन सलाइनच लावले पाहिजे.