जुनी मर्सिडीज खाली बसवण्याआधी

मर्सिडीज-बेंझची डब्ल्यू १२४ ही मालिका १९८४च्या अखेरीस बाजारात आली आणि जर्मनीत तिची सेडान १९९५पर्यंत बनत राहिली. त्याच १९९५ साली पुण्याजवळ पिंपरीत, टेल्कोच्या आवारात, भारतात जोडलेली पहिली मर्सिडीज तयार झाली. तीही याच मालिकेतली ई २२० होती. पावणेपाच मीटर लांबी, २.८ मीटर व्हीलबेस, चौदाशे किलोच्या आसपास वजन असा हा ऐसपैस बाज. या गाड्यांना आता तीस वर्षे उलटून गेली आहेत आणि त्या बहुतेक हौशी मंडळींच्या हाती आहेत. गाडी ताब्यात आली की त्यातल्या अनेकांना ती दोन बोटे खाली बसवावीशी वाटते. चाक आणि मडगार्ड यांच्यामधली फट कमी झाली की जुनी सेडान रुबाबदार दिसते, हे खरेच. चालण्यातला फरक मात्र उंचीपेक्षा झिजलेले रबर आणि मेलेले शॉकअप बदलल्याने जास्त पडतो. पुष्कळ ठिकाणी काम उलट्या क्रमाने होते. आधी आखूड स्प्रिंगा बसतात आणि मग गाडी का आपटते याचा शोध सुरू होतो.

या गाडीच्या सस्पेन्शनची रचना पाहिली की क्रमाचे महत्त्व कळते. पुढच्या बाजूला खाली एक रुंद आर्म आहे आणि वर चाकाला सरळ धरणारा स्ट्रट. बहुतेक गाड्यांत स्प्रिंग स्ट्रटभोवती गुंडाळलेली असते. इथे ती वेगळी आहे आणि खालच्या आर्मवर, चाकापासून बरीच आत बसते. मागे प्रत्येक चाकाला पाच दांडे आहेत. चाक वर-खाली होताना त्याचा कोन फारसा बिघडू नये म्हणून केलेली ही मांडणी मर्सिडीजने १९८२मध्ये धाकट्या १९० मॉडेलमध्ये प्रथम आणली आणि मग या मालिकेत घेतली. प्रत्येक दांड्याच्या दोन्ही टोकांना रबरी बुश किंवा सांधा असतो. शिवाय मागचा सगळा सांगाडा चार मोठ्या रबरी माउंटांवर टांगलेला आहे. म्हणजे या गाडीची चाल जितकी पोलादाची तितकीच रबराचीही आहे.

रबर वापराने झिजते आणि नुसते उभे राहूनही म्हातारे होते. ते कडक होते, चिरते, लोखंडी कवचापासून सुटते. मागच्या दांड्यांचे बुश ढिले झाले की वेगात लेन बदलताना गाडीचा मागचा भाग क्षणभर उशिरा वळतो आणि चालकाला वाटते, स्टिअरिंगमध्येच खोट आहे. पुढच्या आर्मचे बुश गेले की ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते. खालचा बॉल जॉइंट झिजला तर प्रश्न आरामाचा उरत नाही, कारण चाकाचा आधारच तिथे आहे. स्प्रिंगांचे दुखणे वेगळे असते. त्यांच्या खालच्या वेढ्यात चिखल आणि पाणी अडकते, गंज धरतो आणि एक दिवस टोकाचा तुकडा पडतो. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत हे लवकर घडते. एका कोपऱ्यात गाडी झुकलेली दिसली तर उंचीचा विचार बाजूला ठेवून आधी तो वेढा पुसून पाहावा.

शॉकअपचे काम बहुतेकांना उलटे ठाऊक असते. गाडीचा भार पेलते ती स्प्रिंग. शॉकअप भार पेलत नाही, तो स्प्रिंगची हालचाल आवरतो. आतल्या तेलाला बारीक छिद्रांतून ढकलून तो हालचालीची उष्णता करून टाकतो. तो मेला की खड्डा मागे पडल्यावरही गाडी झोके घेत राहते. बॉनेट दाबून सोडण्याची गल्लोगल्ली चालणारी परीक्षा फक्त पूर्ण मेलेला शॉकअप पकडते. निम्मा मेलेला त्यातून सहज निसटतो.

हे सगळे नीट झाल्यावर उंचीकडे वळावे. मर्सिडीजच्या कारखान्यातही उंची सरसकट ठरत नसे. एसी, सनरूफ, ट्रेलर ओढण्याचा हूक अशा प्रत्येक जोडणीला गुण ठरलेले होते. एका गाडीच्या गुणांची बेरीज करून तिला कोणती स्प्रिंग आणि कोणते रबरी पॅड बसवायचे, ते तक्त्यावरून काढत. स्प्रिंगच्या वर बसणारी ही पॅडे वेगवेगळ्या जाडीत मिळतात आणि त्यांच्या कडेवर एक ते चार उंचवटे असतात. उंचवटे जितके जास्त, तितके पॅड जाड, आणि दर पायरीला सुमारे ५ मिलिमीटरचा फरक. स्प्रिंग चाकापासून आत बसत असल्यामुळे पॅड ५ मिलिमीटरने पातळ केले तर चाकापाशी गाडी त्याहून जास्त खाली येते. तीन-चार उंचवट्यांचे पॅड काढून एका उंचवट्याचे बसवले की मूळ स्प्रिंगांवरच गाडी नजरेला जाणवेल इतकी बसते. खर्च किरकोळ आणि स्प्रिंगचा स्वभावही तोच राहतो. थोडीच उंची कमी करायची असेल तर यापेक्षा शहाणा उपाय नाही, आणि दुकानदार तो क्वचितच सुचवतात.

याहून खाली जायचे तर आखूड आणि कडक स्प्रिंगा घ्याव्या लागतात. आयबाख, एच अँड आर या जर्मन कंपन्या त्या बनवतात. खुद्द मर्सिडीजच्या स्पोर्टलाइन पॅकेजमध्ये आखूड स्प्रिंगा, कडक शॉकअप आणि जाड अँटी-रोल बार एकत्र येत असत. पोर्शेच्या मदतीने बनलेली व्ही-८ इंजिनाची ५०० ई साध्या गाडीपेक्षा २३ मिलिमीटर खाली होती. ज्यांनी गाडी आखली त्यांनीच तिच्या सर्वांत वेगवान भावंडासाठी एवढी उंची पुरेशी मानली, हे ५० आणि ६० मिलिमीटरच्या जाहिराती वाचताना आठवावे.

स्प्रिंग आखूड केली की ती कडकही का करावी लागते, याचे कारण उरलेल्या जागेत आहे. गाडी ३० मिलिमीटर खाली आली म्हणजे खड्ड्यात चाकाला वर जायला तेवढी जागा कमी झाली. स्प्रिंग मूळइतकीच मऊ ठेवली तर चाक सारखे बम्प स्टॉपच्या रबरावर आदळेल. स्प्रिंगची ताठरता तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर आणि काम करणाऱ्या वेढ्यांच्या संख्येवर ठरते. सहा वेढ्यांतला एक कापला की उरलेली स्प्रिंग २० टक्के कडक होते. याच हिशेबावर वेढे कापणाऱ्यांचा भरवसा असतो, आणि हिशेब म्हणून तो बरोबरही आहे. बिघडते ते दुसरीकडे. कापलेले टोक पॅडच्या खाचेत नीट टेकत नाही. चाक हवेत लटकले की स्प्रिंग सैल होऊन जागची हलू शकते. आणि कापण्याऐवजी गॅसची ज्योत मारून स्प्रिंग बसवली तर पोलादाचे पाणीच उतरते आणि ती दिवसेंदिवस खचत जाते.

कडक स्प्रिंगेला जुना शॉकअप आवरू शकत नाही. स्प्रिंग ३० टक्के कडक झाली तर पूर्वीइतकाच आवर राहण्यासाठी शॉकअपचा रोध सुमारे १४ टक्के वाढावा लागतो. शिवाय आखूड स्प्रिंगेसाठी दांडाही आखूड हवा. बिल्स्टीनच्या यादीत म्हणूनच मूळ उंचीसाठी बी ६ आणि खाली बसवलेल्या गाडीसाठी बी ८ असे वेगळे प्रकार आहेत. स्प्रिंगा आज आणि शॉकअप पुढच्या दिवाळीला, असे हप्ते पाडले की मधल्या काळात गाडी मूळपेक्षा वाईट चालते.

खाली बसल्याने वळणावर काय मिळते? वळताना आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो आणि तो गुरुत्वमध्याच्या उंचीच्या प्रमाणात असतो. ही उंची ५५० मिलिमीटर धरली आणि गाडी ३० मिलिमीटर उतरवली, तर सरकणारा भार साडेपाच टक्क्यांनी घटतो. शर्यतीत हा आकडा मोलाचा आहे, सातारा रस्त्यावर फारसा नाही. त्यात स्ट्रटच्या गाड्यांना एक खोच आहे. गाडी उतरते तसा खालचा आर्म चाकाच्या बाजूने वर उचलला जातो आणि ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडी कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही वेगाने खाली जातो. दोन्हींमधले अंतर वाढले की गाडीची कलण्याची ओढ वाढते. म्हणजे नुसती उंची कमी केली तर गाडी जास्त कलू शकते. तिला सपाट ठेवतात त्या कडक स्प्रिंगा आणि जाड अँटी-रोल बार, पण श्रेय उंचीला मिळते.

पुढच्या स्प्रिंगा काढणे हे या गाडीवरचे सर्वांत धोक्याचे काम. एका पुढच्या चाकावर साधारण साडेतीनशे किलोचा भार येतो. स्प्रिंग आत बसलेली असल्यामुळे तिच्यावरचे बळ त्याहूनही मोठे असते. स्ट्रट इथे चाकाला खाली पडण्यापासूनही थोपवतो. खालच्या आर्मला जॅकचा आधार न देता स्ट्रटचा वरचा नट सोडला, तर स्प्रिंग आर्मला खाली ढकलून उसळते. बाहेरून हूक अडकवायचे नेहमीचे कॉम्प्रेसर इथे नीट बसत नाहीत. वेढ्यांच्या आत दोन तबकड्या सरकवून मधला स्क्रू फिरवणारे साधन लागते. ज्या गॅरेजकडे ते नाही, तिथे हे काम देऊ नये.

जोडणी करताना एक बारकावा हमखास चुकतो. आर्मच्या बुशमधले रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कवचाला चिकटलेले असते. ते फिरत नाही, पीळ खाते. गाडी लिफ्टवर आणि चाके लटकलेली असताना बोल्ट आवळले, तर आतली नळी त्याच स्थितीत पकडली जाते. मग गाडी जमिनीवर आली की नवे कोरे रबर उभ्या जागी पिळलेले राहते आणि थोड्याच काळात फाटते. म्हणून बोल्ट आधी हलके लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची, चार वेळा दाबून हलवायची आणि मगच पूर्ण ताकदीने आवळायचे. महागडे बुश टिकले नाहीत अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ पुष्कळदा या एका पायरीत असते.

चाकांचे प्रश्न टायरच्या मापाने वाढतात. मूळ माप १९५/६५ आर १५. त्याजागी २२५/४५ आर १७ घातले तर बाहेरचा व्यास जवळपास तेवढाच राहतो, ६३४ मिलिमीटर. पण टायरची भिंत १२७वरून १०१ मिलिमीटरवर येते. खड्ड्यात रिम वाचवणारी अडीच सेंटिमीटर उशी गेली, आणि आखूड स्प्रिंगेने चाकाची जागाही कमी केली. रिम वाकण्याच्या तक्रारी या दुहेरी कपातीतून येतात.

मग रस्ता. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा गोलाकार असावा. २.८ मीटर व्हीलबेसची गाडी त्यावर चढते तेव्हा पुढची-मागची दोन्ही चाके उंचवट्यावरच असतात. भूमितीने पाहिले तर पोटाखालची फक्त ५८ मिलिमीटर जागा कमी होते. नियमाने बांधलेला गतिरोधक ३० मिलिमीटर उतरवलेली गाडी सहज ओलांडते. अडचण गावकऱ्यांनी रातोरात घातलेल्या, हातभर रुंदीच्या उंचवट्यांची. तिथे चाके खाली सपाटीवर आणि उंचवट्याची अख्खी उंची पोटाखाली येते. त्यात मागे तीन माणसे आणि डिकीत सामान असेल तर गाडी आणखी बसलेली असते. उतरवलेल्या उंचीचा अंदाज म्हणूनच रिकाम्या गाडीवरून करू नये.

कायद्याची बाजूही पाहायला हवी. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हे कलम कडक अर्थाने लावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येकी ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. झिजलेले बुश, शॉकअप किंवा मूळ मापाच्या स्प्रिंगा बदलणे ही साधी दुरुस्ती आहे. गाडी ठळकपणे उतरवण्याआधी आरटीओत विचारून घ्यावे. जर्मनीत आखूड स्प्रिंगांबरोबर तपासणीचा दाखला येतो आणि बसवल्यावर त्या तज्ज्ञाला दाखवाव्या लागतात. भारतात त्या दाखल्याला आपोआप किंमत मिळत नाही.

शेवटचे काम अलाइनमेंटचे. पुढे आर्मच्या आतल्या बोल्टांना उत्केंद्री चकत्या आहेत, त्या फिरवून कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर झुकाव) आणि कॅस्टर लावता येतात. मागे टो (चाकाचा पुढून आत-बाहेर रोख) लावता येतो, कॅम्बरला मात्र कारखान्याने सोय ठेवलेली नाही. गाडी उतरली की मागची चाके वरून आत झुकतात. टायरची आतली कड खाल्ली जाते तेव्हा दोष या झुकावावर टाकला जातो. प्रत्यक्षात टायर जास्त खातो तो चुकलेला टो, आणि तो नीट लावला तर थोडा झुकाव टायर सोसतो. फार उतरवलेल्या गाडीत मागे लांबी बदलता येणारे दांडे घालावे लागतात. उंची मोजताना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजावी, म्हणजे टायरमधली हवा आणि झीज मधे येत नाही. नव्या स्प्रिंगा आणि पॅडे पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोडी बसतात. त्यामुळे पहिले अलाइनमेंट तात्पुरते समजून, उंची स्थिरावल्यावर ते पुन्हा करून घ्यावे लागते.