टांचेंतून जाणारा ध्वनि

उतारवयांत न्हाणीघरांत पाय घसरणें ही दिसण्यांत लहान गोष्ट. परंतु त्या घसरण्यानें मांडीचें हाड खुब्याशीं मोडलें, म्हणजे हिंडताफिरता माणूस अंथरुणाला खिळतो आणि पुष्कळांना पूर्वीचें स्वावलंबन पुन्हां लाभत नाहीं. हाड ठिसूळ होत असतांना मात्र तें दुखत नाहीं कीं खुपत नाहीं. मग तें मोडण्यापूर्वीं त्याची परीक्षा कशी करावयाची?

हाड बाहेरून भरीव दिसलें तरी त्याच्या पोटांत नाजुक जाळी असते. वय वाढतें तसे, आणि विशेषतः स्त्रियांचा मासिक धर्म बंद झाल्यावर, या जाळीचे धागे बारीक होतात व मधूनमधून तुटतात. वाळवी लागलेल्या वाशाप्रमाणें वरून रूप तेंच, आंतून मात्र तो पोखरलेला.

बाजारांत मडकें घेतांना तें बोटानें वाजवून पाहतात. हाडाची ही परीक्षाहि ध्वनीचीच. फरक इतकाच कीं हा ध्वनि कानाला ऐकूं येत नाहीं. मनुष्याचा कान सेकंदाला सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकतो. या यंत्रांत तीं दोन लाखांपासून सहा लाखांपर्यंत असतात. परीक्षेला टांच निवडतात, कारण तिचें हाड बहुतेक जाळीचेंच बनलेलें असतें, त्याच्या दोन्ही बाजू बऱ्याच समांतर असतात आणि वर मांस थोडें असतें. एका बाजूनें ध्वनि सोडून दुसऱ्या बाजूस झेलतात व दोन गोष्टी मोजतात: ध्वनीचा वेग, आणि कंपनें वाढवीत गेल्यास त्याचा जोर किती झपाट्यानें घटतो तें. जाळी विरळ झाली कीं वेग मंदावतो आणि ही घटहि कमी होते. घटीची ही मोजणी इंग्लंडांत लँग्टन, पामर व पोर्टर यांनीं १९८४ सालीं मांडली. क्ष-किरणांचा येथें संबंध नाहीं आणि काम कांहीं मिनिटांत उरकतें.

फ्रान्समधील ५,६६२ वृद्ध स्त्रियांची पाहणी १९९६ सालीं प्रसिद्ध झाली. ज्यांचे टांचेचे आंकडे कमी होते, त्यांच्यांत पुढील सुमारें दोन वर्षांत खुबा मोडण्याचें प्रमाण अधिक आढळलें. तेव्हां आंकड्याला अर्थ आहे.

परंतु धोक्याचा अंदाज निराळा व रोगाचें निदान निराळें. जागतिक आरोग्य संघटनेनें १९९४ सालीं सांगितलेली उणे २.५ ची मर्यादा क्ष-किरणांनीं केलेल्या मोजणीसाठीं आहे. ती टांचेच्या आंकड्याला जशीच्या तशी लावणें चूक होय. निरनिराळ्या यंत्रांचे आंकडेहि एकमेकांशीं जुळत नाहींत, आणि औषधाचा गुण येतो कीं नाहीं हें या यंत्रावरून ठरवीत नाहींत.

म्हणून शहरांतील तपासणी-शिबिरांत हातीं आलेली ‘उणे’ आंकड्याची चिठ्ठी पाहून घरच्यांनीं धास्ती घेऊं नये. कंबर व खुबा यांची क्ष-किरण मोजणी करून घ्यावी. उलट, साध्या पडण्यानें ज्यांचें हाड पूर्वीं मोडलें आहे, ज्यांच्या आईचा वा वडिलांचा खुबा मोडला होता, किंवा ज्यांना दीर्घकाळ स्टेरॉइडचीं औषधें घ्यावीं लागतात, त्यांनीं चांगल्या आंकड्यावर विसंबूं नये; डॉक्टरांचा सल्ला घ्यावाच. आणि न्हाणीघरांतील ओली फरशी, जिन्यावरील अंधार व कठड्याचा अभाव यांची काळजी घेण्यास कोणत्याहि यंत्राची वाट पाहण्याचें कारण नाहीं.