'क्रितिका फाशिस्ता': मुसोलिनीच्या हुकूमशाहीत 'टीका' नावाचं पाक्षिक २० वर्षं कसं चाललं?

इटलीत बेनितो मुसोलिनीने १९२६ अखेरपर्यंत विरोधी वर्तमानपत्रं एकतर बंद पाडली किंवा ताब्यात घेतली. पण त्याच देशात राजकारण आणि अर्थकारणाला वाहिलेलं एक पाक्षिक १९२३ पासून १९४३ पर्यंत निघत राहिलं. त्याचं नाव होतं 'क्रितिका फाशिस्ता', म्हणजे फॅसिस्ट टीका.

हुकूमशाहीत टीकेला परवानगी कशी मिळाली?

संपादक कोण होता?

जुझेप्पे बोत्ताई हा या पाक्षिकाचा संस्थापक. तो विरोधक नव्हता, मुसोलिनीचाच सहकारी होता. दंडेलीच्या जोरावर सत्ता मिळाली, पण ती टिकवायची तर पक्षाकडे विचार आणि नवं नेतृत्व हवं, असं त्याचं म्हणणं होतं. त्यामुळे पाक्षिकात पक्षाच्या कारभारावर चर्चा व्हायची, तरुणांना लिहायला जागा मिळायची.

अर्थकारणाचा मुद्दा काय होता?

चर्चेचा मोठा विषय होता 'कॉर्पोरेट' व्यवस्था. इथे कॉर्पोरेट म्हणजे बड्या कंपन्या नव्हेत. एका उद्योगातले मालक आणि कामगार सरकारच्या देखरेखीखाली एकाच संस्थेत आणायचे, म्हणजे वर्गसंघर्ष मिटेल, अशी ती कल्पना होती.

प्रत्यक्षात १९२६ च्या कायद्याने संपावर बंदी आली आणि कामगारांच्या वतीने करार करण्याचा हक्क फॅसिस्ट संघटनांकडेच गेला. टाळेबंदीवरही बंदी होती, पण संपाचं हत्यार गेल्यामुळे खरा फटका कामगारांना बसला. बोत्ताई १९२९ मध्ये याच खात्याचा मंत्री झाला. म्हणजे धोरण राबवणारा आणि त्यावर चर्चा घडवणारा माणूस एकच होता.

लक्ष्मणरेषा कुठे होती?

१९३२ मध्ये फेरारा शहरात या व्यवस्थेवर परिषद भरली. तिथे उगो स्पिरितो या तत्त्वज्ञाने उद्योगांची मालकीच या संस्थांकडे द्यावी, असं सुचवलं. त्यावर गदारोळ झाला, बोल्शेविक असल्याचा आरोप झाला. त्याच वर्षी मुसोलिनीने बोत्ताईला मंत्रिपदावरून हटवून ते खातं स्वतःकडे घेतलं.

पाक्षिक मात्र चालू राहिलं. व्यवस्था कशी सुधारावी, यावर वाद घालता येत होता. ती असावीच का, किंवा मुसोलिनी चुकतो का, हे विचारता येत नव्हतं.

या टीकेने काय थांबवलं?

१९३८ मध्ये इटलीत ज्यूविरोधी कायदे आले. तेव्हा बोत्ताई शिक्षणमंत्री होता. ज्यू विद्यार्थी आणि शिक्षकांना सरकारी शाळांमधून काढण्याचे आदेश त्याच्याच खात्याने राबवले. 'टीका' छापणाऱ्या संपादकाने तिथे विरोध केला नाही.

अखेर २५ जुलै १९४३ च्या पहाटे फॅसिस्ट महापरिषदेत मुसोलिनीच्या विरोधात १९ मतं पडली. त्यातलं एक बोत्ताईचं होतं. पण तोवर मित्रराष्ट्रांचं सैन्य सिसिलीत उतरलं होतं आणि युद्ध हातचं गेलं होतं. पाक्षिकही त्याच वर्षी बंद पडलं.

म्हणूनच एखाद्या राजवटीत वादविवाद छापून येतो, एवढ्यावरून तिथे स्वातंत्र्य आहे असं ठरत नाही. कोणता प्रश्न कधीच छापला जात नाही, हेही पाहावं लागतं.