नांव चोरीस गेलेली स्त्री

सन १९९५ मधील ‘द नेट’ हा अर्विन विंक्लर यांनीं दिग्दर्शित केलेला अमेरिकन बोलपट नातवाच्या आग्रहावरून परवां आम्हीं पाहिला. नायिका अँजेला बेनेट (सँड्रा बुलक) कॅलिफोर्नियांत घरीं बसून संगणकाच्या आज्ञावल्यांतील दोष शोधते. शेजाऱ्यांशीं बोलणें नाहीं, कचेरींतल्यांनीं तोंड पाहिलेलें नाहीं. एका फ्लॉपीवरून तिला कारस्थानाचा सुगावा लागतो आणि मेक्सिकोंत गेली असतां दप्तरांतून ती पुसली जाते! उरते ती रूथ मार्क्स नांवाची कोणी गुन्हेगार. परत येऊन पाहते तों घर रिकामें, विक्रीस काढलेलें.

राखणदार म्हणून विकली जाणारी ‘गेटकीपर’ ही आज्ञावलीच चोरांची वाट ठरते, ही कल्पना झकास आहे. पाठलाग वगैरे नेहमींचेंच. आम्हांस भय वाटलें तें निराळ्या जागीं: जन्मदात्री आई तरी ओळखील म्हणावें, तर तिला स्मृतिभ्रंश!

आपल्या भरल्या घरांत असें व्हावयाचें नाहीं, चार माणसें साक्षीला असतात, असें आमच्या सूनबाई म्हणाल्या. पण दप्तर साक्ष ऐकतें कोठें? शाळेंत नांव घालतांना कित्येक मुलांस १ जून ही जन्मतारीख आम्हींच बहाल केली आहे. एक माउली दारांत उभी राहून सांगत होती, “पोर श्रावणांतलं आहे हो, गुरुजी.” आम्हीं रजिस्टर मिटलें होतें.