एक गाव, दोन राज्यं: सीमेवरच्या गावाचा अभ्यास कसा करायचा?

सिनॉप्सिसमध्ये 'सीमाभाग' हा शब्द आला की बहुतेकांना बेळगाव आठवतं, नाहीतर थेट वाघा बॉर्डर. चंद्रपूर जिल्ह्यातला जिवती तालुका मात्र आपल्या नागपूरच्या विद्यार्थ्यांनाही सहसा सुचत नाही.

इथली मुकदमगुडा, परमडोली, अंतापूर, महाराजगुडा यांसारखी गावं महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही आपली म्हणतात. त्यामुळे दोन ग्रामपंचायती, मराठी आणि तेलुगू शाळा, अनेक घरांत दोन रेशनकार्डं आणि दोन मतदार ओळखपत्रं.

रेघ आली कुठून?
1948 पर्यंत राजुऱ्याचा हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तर वर्धा नदीपलीकडचा चांदा ब्रिटिशांच्या मध्य प्रांतात. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातून मुंबई राज्यात आला, पुढे 1959 मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला. पण डोंगरातल्या या गावांवरचा वाद राहिलाच. महाराष्ट्र 1997 च्या सर्वोच्च न्यायालयातल्या निकालाचा हवाला देतो. 2014 मध्ये तेलंगणा वेगळं झालं, तरी दुहेरी कारभार चालूच राहिला.

सिद्धांत कुठे उपयोगी पडतो?
पीटर सालिन्स या इतिहासकाराने 1989 च्या पुस्तकात फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या सेरदान्या खोऱ्याचा अभ्यास मांडला. 1659 च्या तहाने हे खोरं दोन देशांत वाटलं गेलं. सालिन्सचं म्हणणं असं, की सीमा फक्त राजधानीत ठरत नाही. गावकरी आपापल्या भांडणांत कधी या राज्याला, कधी त्या राज्याला ओढतात आणि त्यातूनच कागदावरची रेघ खरी होत जाते.

आता हा चष्मा घालून जिवतीकडे बघा. 'लोक दोन्हीकडून फायदा घेतात का?' हा प्रश्न तिथे फारसा कामाचा नाही. त्यात उत्तर आणि आरोप दोन्ही आधीच ठरलेले आहेत. त्यापेक्षा असं विचारा: कोणत्या कामासाठी लोक कोणाचं दार ठोठावतात? धान्याला कुठे, दवाखान्याला कुठे, जातीच्या दाखल्याला कुठे, पोराच्या शाळेला कुठे? अशी साधी तक्ता-पट्टी घरागणिक भरली तरी सीमा लोकांच्या रोजच्या जगण्यात कुठून जाते ते दिसायला लागेल.

त्याच तक्त्यात एक रकाना जमिनीचा ठेवा. दोन सरकारं असूनही इथल्या अनेक शेतकऱ्यांकडे कसत असलेल्या जमिनीचा पट्टा नाही, आणि पट्टा नसला की बँकेचं पीककर्ज अवघड. म्हणजे रेशनकार्डं दोन, पण जमिनीचा कागद एकही नाही. फक्त 'दुहेरी लाभ' मोजणाऱ्या अभ्यासातून नेमकी हीच गोष्ट सुटते.

फील्डवर जाण्याआधी
पहिलं, आकडे तपासा. ही गावं बातम्यांत कधी बारा असतात, कधी चौदा. कोणी काय मोजलंय हे कळल्याशिवाय सॅम्पल काढू नका.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. तुमच्या प्रबंधातल्या एका परिशिष्टामुळे एखाद्या घराचं रेशन किंवा मतदार यादीतलं नाव जाऊ शकतं. म्हणून नाव, कार्ड नंबर, घराचा फोटो यातलं काहीच नोंदवू नका. गावाचं नाव द्यायचं की नाही, हे गाईडशी आधीच ठरवा. संमती घेताना 'माहिती गुप्त राहील' एवढं सांगून भागत नाही. ती बाहेर गेली तर काय होऊ शकतं, हेही समोरच्याला त्याच्या भाषेत सांगावं लागतं. एवढं ऐकून तो 'नाही' म्हणाला, तर वही मिटायची.