गुडघा दुखतो म्हणून कॅल्शियम?

परभणी जिल्ह्यात कुठल्याही बचत गटात बसलो की आम्हाला एक प्रश्न हमखास येतो. "सासूबाईंचे गुडघे लई दुखतात, कॅल्शियमची गोळी चालू करू का?"

गुडघा दुखतो तो बहुतेक वेळा सांध्यातली गादी झिजल्यामुळं. कॅल्शियमनं ती भरून येत नाही. हाड ठिसूळ होणं ही वेगळी गोष्ट, आणि ते दुखत नाही. मोरीत पाय घसरतो, खुबा मोडतो, तेव्हा कळतं. पाळी गेल्यावर बाईचं हाड झपाट्यानं विरळ होतं. म्हणून अशा बाईला रोज १२०० मिलीग्रॅम कॅल्शियम लागतं, असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते.

आपली ज्वारी यात कमी पडते. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं 'परभणी शक्ती' हे वाण २०१८ साली आलं, त्यात लोह आणि जस्त जास्त आहे. पण कॅल्शियमसाठी भाकरीसोबत दुसरं काही हवंच. कपभर दुधात दोनशेच्या वर मिलीग्रॅम, चमचाभर न सोललेल्या तिळात शंभरेक. शेवग्याचा पाला तर दारातच असतो, अन् शेळी खाते!

हे कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं, ते उन्हातून मिळतं. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन कामाचं. हिवाळ्यात ते दुपारी बाराच्या सुमारास, उन्हाळ्यात सकाळी दहालाच. आपल्याकडं मे महिन्यात म्हातारीला भर दुपारी उन्हात बसवू नका.

आता पुडीचं बघू. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी डॉक्टर बहुधा आठवड्याला एक, तीही काही आठवडेच देतात. काही घरांत ती रोज घेतली जाते, किंवा जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षं आणली जाते. हे जीवनसत्त्व अंगात साठतं. मग रक्तात कॅल्शियम वाढतं. मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणं दिसतात आणि मूत्रपिंडं खराब होऊ शकतात. "वयामुळं भ्रमल्यात" म्हणून सोडून देऊ नका.

वर्षातून एकदा जबर डोस घेतला की काम भागलं, असंही नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या दोन हजारांवर बायकांवर हे तपासलं. त्यांतल्या काहींना वर्षाला एकदम पाच लाख युनिट दिले. २०१० साली निकाल आला, तर डोस घेतलेल्या बायका उलट जास्त पडल्या, हाडंही जास्त मोडली. अमेरिकेत धडधाकट माणसांना रोज ड जीवनसत्त्व देऊन पाहिलं, तिथंही हाडं मोडणं कमी झालं नाही. ज्यांच्यात खरंच कमतरता आहे, जे घराबाहेर पडत नाहीत किंवा ज्यांचं हाड आधी मोडलंय, त्यांना मात्र गोळीचा उपयोग होतो. अशांनी डॉक्टरांनी दिलेली गोळी आपल्या मनानं बंद करू नये.

साधी कॅल्शियमची गोळी जेवणासोबत घ्यावी. लोहाची गोळी चालू असेल तर दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा. मुतखडा होऊन गेला असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या-पुड्या पिशवीत घालून न्या. आणि मोरीतली गुळगुळीत फरशी आजच घासून काढा, रात्री तिथं दिवा ठेवा.